आधी माल सांग

वसंतनाना आमच्या घरी आले की आधी माझ्या स्कूटरला लाथ मारतात आणि मग दाराची कडी वाजवतात. एक लाथ पुढच्या चाकाला, एक मागच्या. आवाजावरून त्यांना आमची एकूण परिस्थिती कळते. मागचं चाक मऊ लागलं, तर ते उंबऱ्यावर उभे राहूनच मला सुनावतात. ते सगळं ऐकून होईपर्यंत आमच्याकडे चहाचं आधण ठेवायचं नाही, हे माझ्या बायकोला आता पाठ झालं आहे.

लाथ हा झाला नुसता नमस्कार. खरं मोजमाप खिशात असतं. बाकीची माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. नाना हवा मोजायचा गेज ठेवतात, तोही रुमालात गुंडाळून. तो ते कुणाला देत नाहीत. पेट्रोल पंपावरच्या गेजवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पंपावर हवा भरायची, मग स्वतःच्या गेजने मोजायची, मग पंपावरच्या माणसाशी भांडायचं, असा त्यांचा क्रम. पिंप्राळ्यापासून यावलपर्यंतचे हवावाले त्यांची पिकअप लांबून ओळखतात. एकाला तर ती दिसली की नेमकी जेवणाची आठवण होते.

माझं जळगावच्या पिंप्राळ्यात चष्म्याचं दुकान आहे आणि नाना आमचे समोरचे शेजारी. ते मूळचे सावद्याकडचे. यावल-सावद्याच्या बागांतली केळी पिकअपमध्ये घालून जळगावला आणि धुळ्याला पोचवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. आता पासष्टी उलटली तरी स्टिअरिंग सोडलेलं नाही. केळी हा माल मोठा नखरेल. घड दिसायला दणकट, पण रस्त्यात आदळला की दुसऱ्या दिवशी सालीवर काळे डाग. नानांच्या गाडीतला माल बिनडागी उतरतो, असं व्यापारी सांगतात. नाना त्याचं श्रेय स्वतःकडे घेत नाहीत, हवेला देतात.

त्यांना कुणी विचारावं, "नाना, मागच्या टायरांत हवा किती ठेवू?" की ठरलेलं उत्तर येतं, "आधी माल सांग." गाडी भरलेली असेल तर मागे पासष्ट, रिकामी असेल तर चाळीस, अर्धी असेल तर मधलं काहीतरी, आणि ते मधलं कुठलं यावर व्याख्यान. नवे ड्रायव्हर टायरवर छापलेला आकडा वाचतात आणि तेवढी हवा ठासतात. त्यावर नानांचं म्हणणं असं, की तो आकडा टायरची शेवटची हद्द आहे. हंड्यात काठोकाठ पाणी मावतं म्हणून काठोकाठ भरून कुणी डोक्यावर घेत नाही. खरा आकडा गाडीच्या दाराच्या कडेला चिकटवलेला असतो. पण तिथे कोण बघतो, दार काय फक्त आपटायला असतं.

"आधी माल सांग" हे त्यांनी पुढे सगळ्यालाच लावलं. पाहुण्यांसाठी भरीत किती करू, असं अक्कांनी विचारलं तरी तेच. अक्का म्हणजे त्यांची बायको. माझ्या दुकानात एकदा चष्म्याचा नंबर बदलायला आले. मी म्हटलं, नाना, जवळचा देऊ की लांबचा? तर मलाच म्हणाले, आधी माल सांग. म्हणजे काय, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यांचं दुसरं तत्त्व गार टायरचं. हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचं सांगायला नको. मे महिन्यात दुपारी डांबराला चप्पल चिकटते. अशा वेळी आमचे ड्रायव्हर लोक टायर फुटेल या भीतीने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतात आणि फुस्सकन हवा सोडतात. खानदेशात हे इतकं रूढ आहे, की न सोडणाऱ्यालाच लोक वेडा समजतात. नाना असल्या माणसाला पाहून स्वतःची गाडी थांबवतात. तापलेल्या टायरचा आकडा खोटा असतो, आत्ता सोडलीस तर गार झाल्यावर टायर रिकामा राहील आणि मऊ टायरच जास्त तापून फुटेल, हे ते त्याला भर उन्हात समजावतात. तो ऐकून घेतो आणि नाना गेले की उरलेली सोडतो.

घरातही हाच नियम. मी एकदा मालकाशी दुकानाच्या जागेवरून भांडून तणतणत आलो होतो. नाना म्हणाले, "तू आत्ता गरम हायेस, भो. सकायी मोजू."

त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तर नानांनी कमाल केली. आत कांदेपोहे चालले होते आणि मुलीचा बाप बाहेर पाहुण्यांच्या जीपपाशी उकिडवा बसलेला. डावीकडचे दोन्ही टायर उजवीकडच्यांपेक्षा मऊ निघाले. ज्या घरात एका बाजूला लक्ष जात नाही तिथे मुलगी द्यायची नाही, असं नानांनी स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं. अक्कांनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन त्यांना पुन्हा बाहेर पाठवलं आणि लग्न ठरवून टाकलं. जावई चांगला निघाला. फक्त सासुरवाडीला येताना कोपऱ्यावर थांबून हवा भरतो.

तर गेल्या हिवाळ्यात या अक्का धुळ्याला बहिणीकडे हळदीला गेल्या आणि न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला. तिथेच ऑपरेशन झालं. घरी न्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, की आडवं झोपवून न्या आणि धक्का बसू देऊ नका, ॲम्ब्युलन्स करा. अक्कांनी ॲम्ब्युलन्सला साफ नकार दिला. आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरली की बायका गॅस बंद करतात, कारण मयत उठेपर्यंत शेजारी चूल पेटवायची नाही अशी रीत आहे. "मी जिती घरी येईन अन् गल्लीतल्या चुली इझतील," अक्का म्हणाल्या, "मले नाही चालणार." नानांनी डॉक्टरांना खूप विनवलं. शेवटी पिकअपवर ते कसेबसे तयार झाले. धक्का बसला तर जबाबदारी तुमची, असं मात्र स्पष्ट सांगितलं.

नाना धुळ्याहून एकटेच परत आले आणि त्या दिवशी त्यांनी माझ्या स्कूटरला लाथ मारली नाही. सरळ आत येऊन बसले. मी विचारलं, हवा किती ठेवणार? त्यांनी रुमालातला गेज काढला आणि तसाच परत गुंडाळला. मग म्हणाले, "माल असा कधी नेला नाही ना, भो."

अडचण खरी होती. रिकामी पिकअप उड्या मारते, कारण तिचे स्प्रिंगचे पाटे जड मालासाठी बनवलेले असतात. अक्कांचं वजन ते किती. म्हणून नानांनी हौद्यात वाळूची पोती सारखी पसरली, त्यावर केळीची वाळलेली पानं, त्यावर दोन गाद्या. आणि मग मला म्हणाले, झोप.

मी झोपलो. शेजारधर्म म्हणून झोपलो. सलग तीन सकाळी नानांनी मला उताणा पाडून पिंप्राळ्यातून फिरवलं, रोज वेगळ्या हवेवर. प्रत्येक गतिरोधकानंतर गाडी थांबायची आणि खिडकीतून प्रश्न यायचा, कमरेत लागलं का पाठीत? मी म्हणायचो, कुठेच नाही. त्यावर, तुला चरबी हाये, तुझं खरं धरता येत नाही. मला गादीवर निपचित पडून हळूहळू जाताना गल्लीतल्या लोकांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी घरी आलो, तर दोन बायका आमच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या आणि माझी बायको त्यांना समजावत होती.

चौथ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे, टायर गार असताना, नानांनी गेज काढला आणि हवा सोडायला सुरुवात केली. ते चाळीसला थांबतील असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. पस्तीस. तीस. तीसच्याही खाली. या माणसाने अशा टायरवर गाडी काढणाऱ्याला भर रस्त्यात शिव्या दिलेल्या मी ऐकल्या आहेत. मी म्हटलं, नाना, टायर जातील. म्हणाले, जोरात गेलं तर तापतील, जोरात जायचंच नाही. आणि गेले तर गेले.

अक्का मागे गादीवर, उशाशी त्यांची बहीण, पुढे नाना आणि मी. हायवेच्या कडेकडेने आम्ही असे निघालो, की पारोळ्याच्या अलीकडे एक सायकलवाला मागून आला आणि पुढे निघून गेला. मागचे ट्रक हॉर्न मारत होते. नाना कशालाच उत्तर देत नव्हते. थोडं गेलं की गाडी थांबवायची, उतरायचं आणि मागच्या टायरला पालथा हात लावून उभं राहायचं. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग पुन्हा चढायचं. पारोळा झालं, एरंडोल झालं, तेच चाललेलं. मला मनातून राग येऊ लागला. बायको तिथेच दोन हातांच्या अंतरावर पडली आहे, टायरला इतक्यांदा हात लावता, तिला एकदा विचाराल की नाही, कशी आहेस म्हणून? शेवटी मीच विचारलं. अक्का म्हणाल्या, बरी आहे.

दुपारी घरी पोचलो. चौघांनी गादीसकट अक्कांना उचलून आतल्या पलंगावर ठेवलं. गल्लीतले सगळे गॅस चालू होते, फोडणीचा वास येत होता. बहीण त्यांच्यासाठी पेज करायला आत गेली. नाना खोलीत शिरलेसुद्धा नाहीत. ते बाहेर जाऊन बॅटरीवरचा छोटा पंप लावून टायरांत हवा भरू लागले. तो पंप घर्र करत सुरू झाला, तेव्हा मला राहवलं नाही. मी अक्कांना म्हटलं, "अक्का, इतक्या वेळा उतरले, पण लक्ष सगळं टायरकडे. तुम्हाला एकदा विचारलंही नाही."

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"टायर कशाले तापतील, भाऊ? सायकल पुढं गेली आपल्या," त्या म्हणाल्या. "ते मले ऐकाले उतरत होते. विचारायची सवय नाही त्याह्यले. म्हून गाडी थांबली की मी कण्हणं बंद करत होती. नाहीतर आणखी हवा सोडली असती, अन् मग घरी कवा पोचलो असतो?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं, नाना पहिल्या टायरपाशी उकिडवे बसले होते.

"आता तो पंप चालू हाये तोवर मले जरा कण्हू द्या," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मग त्या कण्हू लागल्या. पहाटेपासूनचं सगळं कण्हणं बाहेर पडत होतं, आणि मी पलंगापाशी नुसता उभा होतो. बाहेर एक टायर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा झाला आणि पंप थांबला. अक्कांनी ओठ मिटून घेतले, पदराने कपाळ पुसलं. नाना पायरीवर चप्पल काढत होते.