आईसह चारशे मीटर

रविवारी सकाळी सात वाजता दशांशने आपल्या आईला वजनकाट्यावर उभं केलं. मग खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा उभं केलं.

"एकसष्ट पूर्णांक चार," तो म्हणाला. "आई, आता दहा वाजेपर्यंत काही खाऊ नकोस."

"अरे, मी अजून चहासुद्धा घेतला नाहीये!"

"चहा चालेल. कप किती मिलिलिटरचा, तेवढं सांग."

आईने सुनेकडे पाहिलं. "लग्नाआधी असा नव्हता हो हा."

"होता," सून बुटाची नाडी बांधत म्हणाली. "आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा हॉटेलातलं टेबल हलतं म्हणून वीस मिनिटं पायाखाली कागद सारत बसला होता. मला वाटलं, लाजतोय."

दशांश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वजनकाटे आणि तापमापक तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो नोकरीला होता, आणि दुसऱ्यांच्या यंत्रांच्या चुका काढणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग असल्याने तिथल्या मंडळींनी हे नाव ठेवलं होतं. या काटेकोर माणसाच्या आयुष्यात वेडेपणा एकच होता: वेग. रस्त्याने एखादी भन्नाट गाडी गेली की तो बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत देवाघरचं काही पाहिल्यासारखा बघत राहायचा. स्वतः मात्र सोळा वर्षं एकाच स्कूटरवर फिरत होता, आणि चढ आला की तिच्या विनवण्या करत होता.

वेगवान गाड्यांच्या किमती त्याच्या कुवतीच्या कितीतरी पलीकडे होत्या. पण भौतिकशास्त्र गरिबाच्या बाजूचं असतं, असं त्याचं मत होतं. इंजिनाच्या ताकदीला गाडीच्या वजनाने भागा. जड गाडीला मोठं इंजिन लावायला श्रीमंत माणूस लागतो; हलक्या गाडीला बरं इंजिन असलं की झालं. फ्रिजच्या दारावर त्याने त्रेपन्न जुन्या गाड्यांचा तक्ता चिकटवला होता. सात महिन्यांत त्यातल्या अकरा तपासून नाकारल्या होत्या. एकीचा वेगदर्शक चार टक्के जास्त दाखवत होता. दुसरीच्या मालकाने मागची सीट काढून चाचणी घ्यायला परवानगी दिली नव्हती, उलट हाकलूनच दिलं होतं.

या अकराही चाचण्यांना बायको शिट्टी घेऊन उभी राहिली होती. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती, त्यामुळे शिट्टी, स्टॉपवॉच आणि मैदानावर रेघा आखायची फक्की हे सगळं घरचंच. पण संयम काही घरचा नव्हता. तो आता संपला होता.

"आज बारावी," ती म्हणाली. "आज एक तर घेतो म्हणायचं, नाहीतर उद्या दादाची गाडी आपल्या दारात. तो कधीचा देतोय म्हणतोय."

मेव्हण्याची गाडी रुंद, उंच आणि अतिशय भरवशाची होती. घरात तिला 'कपाट' म्हणत. तिचं नाव निघालं की दशांशची भूक मरायची.

"आकडा अठरा सेकंदांच्या आत आला की घेतली," तो म्हणाला. "चारशे मीटर, उभ्या गाडीपासून. आकडा नाही तर निर्णय नाही."

बारावी गाडी एका निवृत्त सिस्टरची होती. त्यांनी प्रसूतिगृहात पस्तीस वर्षं नोकरी केली होती आणि निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं, त्यामुळे त्या सगळ्यांनाच बाळा म्हणत. गाडी छोटीशी, पिवळीधमक. तक्त्यात हिचा आकडा पाहून दशांशने तीनदा भागाकार केला होता.

"एवढं मोठं इंजिन असलेलीच का घेतलीत, सिस्टर?" त्याने हळूच विचारलं.

"इंजिनाचं काय ते मला माहीत नाही, बाळा. मला रंग आवडला. एकोणीस वर्षं हिला घर ते दवाखाना नेली, चाळीसच्या वर कधी नाही. आता डोळे बरे आहेत तोवर विकून मोकळी होते. अकरा वाजता एक लोखंडाचा व्यापारी यायचाय, तेव्हा तुझं काय ते आधी उरक. आणि एक सांगते, विकली जाईपर्यंत स्टिअरिंग माझ्या हातात."

हे त्याला सोयीचंच होतं. गाडी चालवता चालवता स्टॉपवॉच बघणं अचूकतेच्या दृष्टीने अयोग्य. मात्र घरच्या वापराच्या गाडीची चाचणी रिकाम्या गाडीवर घेणं त्याला अप्रामाणिकपणाचं वाटत होतं. म्हणून आई.

"म्हणजे मी वजन म्हणून बसायचं?" आईने विचारलं. ती लिफ्टमध्येसुद्धा भिंतीला धरून उभी राहायची.

"माहीत असलेलं वजन," दशांशने दुरुस्ती केली.

गोदामांच्या मागचा रस्ता रविवारी सुनसान असे. दशांशने टेपने चारशे मीटर मोजले, थांबायला पुढे तीनशे ठेवले. बायकोने सवयीने फक्कीची झकास रेघ मारली आणि सवयीनेच तिच्यामागे चार पट्टे आखून आकडेही घातले. दशांश पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजला.

"ऐक, इकडे थोडी गडबड झालीये," बायको म्हणाली. "पावाची गाडी घेऊन एक जण चालला होता. पट्टे बघितले आणि दोन नंबरात येऊन उभा राहिलाय. म्हणतो, नाव कुठे द्यायचं?"

"त्याला सांग, ही चाचणी आहे."

"सांगितलं. तो म्हणतो, हरायची भीती वाटते का? आणि आता तीन नंबरात शववाहिका आलीये."

"भरलेली?"

"रिकामी! ड्रायव्हर म्हणतो, बावीस वर्षं झाली, आमच्या गाडीला कधी कोणी घाई करूच दिली नाही."

"मग रद्द..." दशांशच्या तोंडून निघालं आणि डोळ्यांसमोर कपाट उभं राहिलं. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. "नको, रद्द नको. त्यांना समजावून बाजूला कर."

"केलं असतं रे. पण पोलीस आलाय."

"काय म्हणतोय?"

"माझा ट्रॅकसूट बघितला, शिट्टी बघितली, रेघा बघितल्या आणि म्हणाला, मॅडम, आधी कळवायचं ना, एवढ्या चांगल्या कार्यक्रमाला बंदोबस्त नको का? आता मागचा रस्ता अडवून उभा आहे आणि विचारतोय, कधी सोडताय? मी काय सांगू? रस्त्यात गाडी पळवून बघतोय म्हणू?"

"आई काय म्हणतेय?"

"डोळे मिटून बसलीये. सोडू?"

"वारा कुठून आहे?"

"शिट्टी मारतेय मी," बायको म्हणाली आणि फोन बंद झाला.

दशांशने स्टॉपवॉच उचललं. लांबवर धूर दिसला, मग शिट्टी ऐकू आली. आवाज पोचायला सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून तो धुरावरच बटण दाबणार होता. पावाची गाडी जागच्या जागी आचका देऊन बंद पडली. शववाहिका मात्र बावीस वर्षांचा वचपा काढायला निघाल्यासारखी सुटली आणि पहिले पन्नास मीटर तीच पुढे होती.

मग पिवळी गाडी निघाली.

निघाली म्हणजे काय, ती मघाशी तिथे होती आणि आता इथे होती. सिस्टर ताठ बसल्या होत्या, आयुष्यभर अवघडातल्या अवघड वेळी बसल्या असतील तशा. त्यांनी गियर बदलला तेव्हा गाडीला झटका बसला नाही, फक्त आवाजाची जात बदलली. शववाहिका मागे गेली, नंतर दिसेनाशी झाली. गाडी जवळ येताना आवाज चढत गेला, त्याला ओलांडताना पडला. असं का होतं हे दशांशला सूत्रासकट पाठ होतं, तरी अंगावर काटा आला. काचेमागे आईचं तोंड उघडं दिसलं. ती किंचाळत नव्हती. हसत होती. त्याला आठवत होतं तेव्हापासून आई तोंडावर पदर घेऊन हसायची; आज पहिल्यांदाच तिचे सगळे दात दिसले.

गाडी वळून परत आली. बायको धापा टाकत पळत पोचली. तिच्यामागून पोलीस, पाववाला आणि शववाहिकेचा ड्रायव्हर.

"किती?" तिने विचारलं.

दशांशने स्टॉपवॉच पाहिलं. शून्य, शून्य, शून्य. अंगठा बटणावर तसाच होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी बघत होतो."

अकरा वर्षांच्या संसारात 'माहीत नाही' हे दोन शब्द बायकोने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

"मग घे," ती म्हणाली. "आकडा गेला खड्ड्यात. तुझा चेहरा बघ जरा. घेऊन टाक ही."

"खरंच?"

"खरंच. दादाला मी सांगते काय ते."

दशांश पिवळ्या गाडीच्या खिडकीशी गेला. "सिस्टर, मी घेतो. आत्ताच."

सिस्टर स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. "बाळा," त्या म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं लोकांना सांगत आले, जोर लावा, जोर लावा. स्वतः कधी लावलाच नाही. ही मी आता विकणार होय? त्या लोखंडवाल्यालाही येऊ नको म्हणून सांगते."

"पण सिस्टर..."

"तूच तर दाखवलंस मला, बाळा. उपकार झाले हो."

"आई, उतरा," बायकोने दार उघडत म्हटलं.

"मला सिस्टर सोडतील घरी," आई समोर बघतच म्हणाली. "लांबच्या रस्त्याने."

सोमवारी संध्याकाळी कपाट दारात आलं. दशांशने मुकाट्याने त्याचे कागद ठेवून घेतले आणि फ्रिजवरचा तक्ता काढला. पुढच्या रविवारी नवरा-बायको कपाटातून गावाबाहेर निघाले. सीट ऐसपैस होत्या, गाणी छान वाजत होती आणि दशांश पंचेचाळीसने चालवत होता. मागून हॉर्न वाजला. एक पिवळा पट्टा बाजूने गेला. खिडकीतून आईचा हात बाहेर आला, हलला, आणि हात, गाडी, सगळंच पुढच्या चढावर बारीक झालं.

"बघितलंस?" दशांश पुटपुटला. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर आला होता.

"गाडी बाजूला घे," बायको म्हणाली.

"का? काय झालं?"

"घे म्हणते ना." ती उतरली, पुढून वळसा घालून त्याच्या दाराशी आली. "सरक तिकडे."

"हे बघ, ताकद भागिले वजन धरलं तर या गाडीचा नंबर तळातून दुसरा..."

"पट्टा बांध."

तिने आरसा वळवला, सीट पुढे ओढली आणि पाय दाबला. दशांशची पाठ सीटला जाऊन टेकली. झाडं एकमेकांत मिसळायला लागली. कपाटाच्या पोटातून असा आवाज निघाला, जो मेव्हण्याने आठ वर्षांत ऐकला नसेल. 'हळू' हा शब्द दशांशच्या ओठापर्यंत आला होता, तो त्याने गिळून टाकला. समोर चढावर पिवळा ठिपका पुन्हा दिसू लागला होता, आणि तो हळूहळू मोठा होत होता.