आबांचा लाल फेटा

या, जरा सरकून जवळ बसा. एक गोष्ट सांगतो. गोष्ट भर दुपारची आहे, तरी ऐकता ऐकता मागे वळून बघावंसं वाटेल. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मागे कोणी नाही!

फैजपूरजवळच्या एका गावात, इंग्रजांच्या अमदानीत, चुडामण मास्तर जळगावहून ट्रेनिंग करून परतले. ट्रंकेत एक जाडजूड पुस्तक, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात घोषणा, "माणूस माकडासारख्या प्राण्यापासून झाला!"

झालं! तोताराम पाटलांनी चावडीवर बोलावलं.

"मास्तर, आमचे आजे-पणजे झाडावर राहत व्हते?"

"लाखो वर्षांपूर्वी, पाटील."

"तुम्ही पाह्यलं?"

"पुरावा आहे! हाडं बघा, कवटी बघा. दहा मिनिटांत पटवतो!"

"बरं. हनुमान जयंतीले पहाटे कीर्तन शे. कीर्तनकार जीवरामबुवांसमोर पटवा. नाही पटलं, तर सारी पोरं शाळेतून काढतो. केळीले पाणी भरतील!"

बावीस पोरं. त्यात दोन मुली, आणि त्या नुकत्याच 'कमळ' लिहायला शिकलेल्या! पण मास्तर निर्धास्त होते. वर्षापूर्वी, ते जळगावला असताना, चिंचेवरून पडून एक म्हातारं वानर मेलं होतं. गावाने रीतीप्रमाणे वाजतगाजत नेऊन पाटलांच्या केळीच्या बागेत त्याला मांडी घालून बसवून माती दिली, चौघांनी डोकी भादरली, तेरावंही घातलं. म्हणजे पुरावा घरचाच! कवटी आणायची, बुवांपुढे ठेवायची, संपलं!

जयंतीच्या आदल्या दुपारी मास्तर कुदळ घेऊन बागेत शिरले. बाहेर चैत्राचं ऊन तव्यासारखं तापलेलं. आत पाऊल टाकलं आणि उजेड हिरवा झाला. विहिरीच्या तळाशी असावा तसा गारवा. वारा नव्हता, तरी एकच पान हलत होतं, कोणी हाताने 'नको, नको' म्हणावं तसं.

"बाष्पीभवन!" मास्तर मोठ्याने म्हणाले. पान हलायचं थांबलं. ते जास्तच वाईट वाटलं!

हातभर खणून झालं आणि मागे कोणीतरी खोकलं. थांबून, पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मास्तरांचे वडील, आबा, दम्याने गेले. ते असेच खोकायचे. तीनदा, दम घेत घेत.

"वानरंही खोकतात," मास्तरांनी स्वतःला शिकवलं आणि घाम पुसला.

कुदळ मऊ कशात तरी रुतली. त्यांनी हाताने माती सारली. लाल कापड! जरीची किनार! आणि उजव्या बाजूला चिलमीच्या ठिणगीने पडलेलं ते ओळखीचं भोक! फेटा आबांचा होता. फेट्याखाली ताठ, रोखून पाहणारी कवटी!

"आबाऽऽ! चुकलो! पाया पडतो!"

कुदळ एकीकडे, चष्मा दुसरीकडे, मास्तर लोटांगणात! तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

"चुडामण, काय करू राह्यला बाप्पा?"

जीवरामबुवा! प्रसादाला केळीची पानं कापायला आलेले. त्यांनी खड्ड्यात डोकावलं, हात जोडले आणि शेजारी टेकले. "बोडक्या डोक्यानं बसवू नका म्हणून तुह्या मायनंच फेटा काढून दिला. तुले नाही सांगितलं?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. "पण बुवा, खोकलात कशाला? जीव गेला माझा!"

"मी?" बुवांचा आवाज बारीक झाला. "मी तं समजलो, तू खोकलास."

दोघांपैकी कोणीही मागे पाहिलं नाही. दोघांनी चारी हातांनी खड्डा असा भरला, की मांजरानेसुद्धा लाजावं!

पहाटे कीर्तन झालं, सूर्य वर आला, जन्माचा गुलाल उधळला. पाटील उठले. "हं मास्तर! पुरावा?"

मास्तर रिकाम्या हातांनी उभे. त्या दोन मुली पाट्या छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

बुवांनी चिपळी वाजवली. "पुरावा मी पाह्यला! मास्तरानं माह्या डोळ्यांदेखत वानराले बाप म्हटलं अन् लोटांगण घातलं! आपण वानराले देव म्हणतो अन् लोटांगण घालतो. तो पुस्तकातून आला, आपण पोथीतून. पाय तेच! बोला पाटील, आता कोणाची पोरं काढता?"

मंडप हसला. बुवांनी गजर धरला आणि पाटलांचे हात आपोआप टाळी देऊ लागले.

शाळा राहिली. मास्तर तेच शिकवत राहिले. फक्त त्या बागेवरून जाताना वहाणा हातात घेत. बुवांनी मात्र एकदा त्यांना एकटं गाठून विचारलं, "शेपटीचं हाड खरंच राह्यलं का रे आपल्यात?" तेव्हापासून ऐन निरूपणात त्यांचा हात हळूच मागे जायचा! खोकला कोणाचा, ते मात्र दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

मास्तरांनी घरी विचारलं होतं, "माय, आबांचा फेटा वानराला?"

झुंबरबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपलाच व्हता नं तो."

तेव्हा मंडळी, तुमच्या कौलांवर वानर येऊन बसलं आणि तीनदा खोकलं, तर दगड उचलू नका. त्या झुंबरबाईंची आठवण काढा.