दिगंबर साळिंदर आणि दोन तोंडांची पेटी

एका जंगलात, म्हणजे नकाशावरचा हिरवा रंग जिथे संपत आलाय त्याच्या जरा अलीकडे, दिगंबर नावाचा साळिंदर गिटार वाजवायचा. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका, मुलांनो. वाघाच्या गुहेत एसी होता. म्हणजे वीज होतीच.

दिगंबरच्या ॲम्पला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, दोन चॅनल होते. एक गोड. त्यातून गिटार अशी यायची की हरणांचे डोळे भरून यायचे. दुसरा खरखरीत. त्यातून तीच गिटार अशी गुरगुरायची की कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, उड्या मारायला लागायचे. हरणांकडे बारसं असलं की दिगंबर केबल गोड चॅनलला जोडायचा. कोळसुंद्यांची जत्रा असली की खरखरीत चॅनलला. दोन्हीकडे जेवायला बोलावणं असायचं. दिगंबर सुखात होता.

मग वाघमहाराजांनी पाणवठ्याचं सुशोभीकरण काढलं.

सुशोभीकरण म्हणजे काय, मुलांनो? पाण्याभोवती कुंपण घालायचं, मधे कारंजं लावायचं आणि फाटकावर पाटी टांगायची: 'प्रवेश फक्त नखे असणाऱ्यांना.' खूर असणाऱ्यांनी कारंजं बाहेरून बघायचं होतं. बघायला काही मनाई नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सांबरकाकू दिगंबरकडे आल्या. हरणांच्या कळपात त्याच सगळ्यांत वडीलधाऱ्या.

"दिगंबर, उद्या आमचं पाण्याचं गाणं वाजव. तुझ्या त्या गोड चॅनलवर. इंदू गाईल. महाराजांसमोर आमची बोबडी वळते रे. निदान गाण्यातून तरी त्यांच्या कानावर जाऊ दे."

"काकू, हे काय सांगायचं झालं?" दिगंबर म्हणाला.

काकूंची पाठ वळते न वळते तोच तरस आला. तरस वाघाचा चिटणीस होता.

"उद्या खरखरीत वाजवायचं. दणकून. कुणी मधे काही बोललंच, तर ते ऐकू येता कामा नये. कळलं ना?"

"साहेब, हे काय सांगायचं झालं?" दिगंबर म्हणाला.

इंदू टिटवी जवळच्या दगडावर बसून सगळं ऐकत होती. दिगंबरबरोबर ती कितीतरी वर्षं गात आली होती.

"दोघांनाही हो म्हणालास?"

"इंदू, मी कलावंत आहे. कलावंत सगळ्यांचा असतो."

"पाणीसुद्धा सगळ्यांचंच होतं," इंदू म्हणाली.

दिगंबर तडक ऊदमांजराच्या दुकानात गेला.

ऊदमांजराने फडताळातून एक पेटी काढली. "हा स्प्लिटर. गिटारची केबल इकडून आत घालायची. इकडून दोन निघतात, त्या दोन चॅनलना जोडायच्या. डावी कळ दाबली की गोड. उजवी दाबली की खरखरीत. आणि मधली दाबली की दोन्ही एकदम. कुणाला नाही म्हणायची पाळीच येत नाही बघा!"

दिगंबरला आयुष्यभर हेच तर हवं होतं. त्याने मधाचं अख्खं पोळं देऊन पेटी घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल पाणवठ्यावर जमलं. वाघमहाराज पुढच्या खडकावर बसले. दिगंबरने डावी कळ दाबली. इंदूने सूर धरला. हरणांनी माना वर केल्या. तेवढ्यात तरसाने डोळे वटारले. दिगंबरने घाईघाईने उजवी कळ दाबली. कोळसुंदे नाचू लागले आणि हरणांचे कान पडले. सांबरकाकू त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. दिगंबरने परत डावी दाबली. मग उजवी. मग त्याला घाम फुटला आणि त्याने मधली दाबली.

आणि आवाज गेला.

अगदीच गेला असं नाही. डब्यात कोंडलेल्या डासाएवढा उरला. झालं होतं असं: गोड चॅनल सूर पुढे ढकलायचा, त्याच क्षणी खरखरीत चॅनल तो मागे ओढायचा. दोघांनी मिळून एकमेकांना खाऊन टाकलं होतं. वर ॲम्प नुसता घूंऽऽ करत होता.

इंदूला सूर सापडेना. तरीही ती गायला लागली, साथीशिवाय. "पाणी कुणाचं..." एवढे दोनच शब्द झाले. वाघाने कान टवकारले.

"ध्वनिव्यवस्थेत अडथळा येतोय," तरस म्हणाला. दोन कोळसुंदे पुढे झाले आणि इंदूला मंचावरून घेऊन गेले. तिने मागे वळून दिगंबरकडे बघितलं. दिगंबर पेटीच्या कळा निरखत होता.

वाघमहाराजांनी टाळ्या वाजवल्या. "वा! किती समतोल!" त्यांनी वाजवल्या म्हणून तरसाने वाजवल्या. हरणांनीही वाजवल्या. निदान त्याने गिटार दणकून तरी नाही वाजवली, असं ती आपसांत म्हणाली. एकट्या सांबरकाकूंनी वाजवल्या नाहीत. पण तेवढ्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दिगंबरला शाल मिळाली. कुंपणाचं फाटक लागलं.

घरी येऊन दिगंबरने पेटी उलटी केली. खाली एक बारीक खटका होता. त्याने तो सरकवला, मधली कळ दाबली आणि तार छेडली.

मुलांनो, दोन्ही चॅनल एका बाजूने बोलायला लागले! गिटार रडत होती आणि गुरगुरतही होती. पानं थरथरली. असं दिगंबरने जन्मात वाजवलं नव्हतं.

इंदू धावत आली. तिचा एक पंख दुखावला होता. "हेच! दिगंबर, उद्या फाटकासमोर हेच वाजव. मी गाते. सगळ्यांना ऐकू जाईल."

"सगळ्यांना?" दिगंबरने विचारलं.

"हो, सगळ्यांना!"

"म्हणजे महाराजांनासुद्धा," दिगंबर म्हणाला.

त्याने खटका पुन्हा होता तिथे सरकवला. मग बाभळीचा डिंक आणला आणि खटक्यावर नीट थापला, चुकूनसुद्धा हलू नये म्हणून. इंदू तो वाळेपर्यंत बसून राहिली. मग उठून गेली. ती पुन्हा त्याच्याबरोबर गायली नाही.

पुढच्या महिन्यात नदीचं सुशोभीकरण निघालं. वादनाला अर्थातच दिगंबर होता. हरणं त्या दिवशी आली नाहीत. ती पाणी शोधायला लांब गेली होती.

तात्पर्य : मुलांनो, कुणाचंही मन न दुखावता वाजवायला शिका. पाणी इतरांचं जातं. शाल आपल्याला मिळते.