बिल्ला नंबर दोनशे चौदा

आपण मेल्याची बातमी फिटरला बायकोकडून कळली.

ती शेजारणीबरोबर धक्क्यावर फिरायला गेली होती. पूर्वी तिथे जहाजांची दुरुस्ती चालायची. गोदी बंद पडली, बरीच वर्षं गंजत राहिली आणि आता तिचं संग्रहालय होत होतं. कोळशाच्या गोदामात चित्रं लागणार होती, पंपघरात नाटकं होणार होती. बॉयलरघरासमोर काळ्या दगडाची भिंत उभी राहिली होती. एकतीस वर्षांपूर्वीच्या स्फोटात गेलेल्या अकरा कामगारांची नावं तिच्यावर कोरली होती.

"सातवं तुमचं," बायको चपला काढत म्हणाली. "शेजारीण तिथंच डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, अगं, सकाळीच माझ्याशी भांडलेत ते!"

"त्या नावाचा दुसरा कुणी असेल."

"वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच. वर बिल्ला नंबर दोनशे चौदा."

आकडा ऐकताच फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. "राहू दे," तो म्हणाला. "दगडावर नाव असलं म्हणून माझं काय बिघडतंय?"

"तुमचं नाही, माझं बिघडतंय. उद्या पेन्शन बंद झाली तर त्या भिंतीशी भांडू का?"

दुसऱ्या दिवशी तिने त्याला हाताला धरून संग्रहालयाच्या कचेरीत नेलं. तिथल्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि फार सहृदय. सातव्या नावाबद्दल आलोय म्हटल्यावर त्या उभ्याच राहिल्या.

"आपण त्यांचे कोण?"

"मीच तो."

बाई खाली बसल्या. फिटरने ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं. "हे काढलं तेव्हा तुम्ही होतात, एवढंच यावरून कळतं."

"अहो, ते समोर बसलेत ना!" बायको म्हणाली.

"ते दिसतंय मला. पण फाइलला दिसत नाही." बाईंनी एक पिवळा कागद काढला. "ही यादी जुन्या कपाटात सापडली. स्फोटानंतर तासाभरात केलेली, आत गेलेल्या बिल्ल्यांवरून. दोनशे चौदा आत गेला होता. बाहेर आला नाही."

बाईंनी पाथरवटाला बोलावलं. तो हातातली छिन्नी न ठेवताच आला.

"नाव काढता येईल, बाई. पण खड्डा राहील. खड्ड्यात दुसरं नाव बसवलं तर छान दिसेल."

"दुसरं कुठून आणू? परवा उद्घाटन आहे. दहाच ठेवली तर?"

"प्रेतं अकरा निघाली होती," फिटरच्या तोंडून निसटलं.

बाईंनी मान वर केली. "तुम्ही जिवंत आहात, तर मग मेलं कोण?"

बायकोही त्याच्याकडे बघायला लागली. हा प्रश्न गेल्या एकतीस वर्षांत त्याला कुणीही विचारला नव्हता, आणि न विचारल्याबद्दल तो जगाचे मनातल्या मनात आभार मानत आला होता.

"शिट्टी," तो म्हणाला.

कायम शीळ घालायचा म्हणून सगळी गोदी त्याला शिट्टीच म्हणायची. त्या दिवशी फिटरची दाढ ठणकत होती. खाडा पडू नये म्हणून त्याने आपला बिल्ला शिट्टीला दिला. शिट्टी त्याच्या जागी आत गेला आणि बॉयलर फुटला. दुसऱ्या दिवशी फिटर सुजलेला गाल घेऊन कामावर आला, तेव्हा साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "तुझी काल सुट्टी होती," ते म्हणाले. "समजलं?" बिल्ला दुसऱ्याला देणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवत. घरी दोन लहान मुली होत्या. फिटरला समजलं. पाळी नसताना शिट्टी आत काय करत होता, याचं उत्तर साहेबांनीच तयार केलं: तांबं चोरायला शिरला होता.

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात?" बायको म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

अधिकारी बाईंचे डोळे भरून आले होते, आणि चमकतही होते. "हे सगळं तुमच्या आवाजात हवं," त्या म्हणाल्या. "भिंतीजवळ हेडफोन लावू. बटण दाबलं की ऐकू येईल." नाही म्हणायचं तोंड फिटरला उरलं नव्हतं. तासाभरात रेकॉर्डिंग झालं. मधे तो रडला तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, "ते राहू द्या, चांगलं आलंय."

परतताना बायको एकच वाक्य बोलली. "तिला हेडफोनमधून कळायच्या आत तुम्ही सांगून या."

शिट्टीची बायको दोन गल्ल्या सोडून राहायची. शिवणकाम करून तिने मुलगा वाढवला होता. शाळेत त्याला 'चोराचा' म्हणत, म्हणून त्याने शाळा सोडली होती आणि पुढे गावही. फिटर गेला तेव्हा ती शिवत होती.

"वहिनी, शिट्टी चोर नव्हता."

"ते मला ठाऊक आहे." तिने मशीन थांबवलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"बिल्ला माझा होता."

त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि पुन्हा मशीन सुरू केलं. तो दारात उभा होता तोवर काही ते थांबलं नाही.

उद्घाटनाला सनई नव्हती, पण भाषणं भरपूर होती. सातवं नाव आता शिट्टीचं होतं; शेजारच्या दहांपेक्षा जरा खोल आणि पांढरं. शिट्टीची बायको एकटी आली. नावावरून तिने बोट फिरवलं, मग हेडफोन कानाला लावला आणि बटण दाबलं. आवाज संपला तसं पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. मागे रांग वाढत गेली. रांगेत पाचवा फिटर होता. माफी मागायची म्हणून उभा राहिला होता, पण पुढे सरकायला मिळत नव्हतं.

शेवटी रखवालदार जवळ आला. "आजी, बाकीच्यांनाही ऐकू द्या."

तिने एक कान मोकळा केला.

"थांब रे," ती म्हणाली. "अजून कबूल करतोय तो."