प्रमाणित आधार

प्रसूतिगृहाने स्वतःला 'कुटुंबस्नेही' म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून कुटुंबाला आत जाणं अवघड झालं. पूर्वी बाळंतिणीबरोबर कुणीही जात असे. आई जाई, सासू जाई, क्वचित घाईगडबडीत दुसऱ्याच बाईची शेजारीणही आत जाऊन कंबर चोळून येई. आता फक्त एकाच व्यक्तीला परवानगी होती, आणि तीही 'प्रमाणित आधारव्यक्ती' असणं बंधनकारक होतं. आधार देणं ही तांत्रिक बाब असून ती नातेवाइकांच्या भरवशावर सोडता येणार नाही, असं व्यवस्थापनाचं ठाम मत होतं.

भाचीचे दिवस भरत आले होते. तिची आई हयात नव्हती. म्हणून मावशीने घराला कुलूप लावलं, कुंड्या शेजाऱ्यांच्या गळ्यात घातल्या आणि ती भाचीकडे येऊन दाखल झाली. मावशी एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेली. घरी मुलं वाढवली आणि कार्यालयात खिडकीपुढच्या माणसांना नियम दाखवून परत पाठवलं, यातच तिची हयात गेली होती.

"मावशी, आत तूच ये हं," भाची म्हणाली. "बाकीचे फार बोलतात गं."

मावशी, भाचीचा नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण असे तिघं प्रशिक्षणाला जाऊन बसले. नवरा चित्रफितीच्या पहिल्याच दृश्यात खुर्चीसकट आडवा झाला. शेरा मिळाला : 'पुढील अपत्याच्या वेळी फेरविचार.'

मावशीची तोंडी परीक्षा झाली.

"प्रसूत होणारी स्त्री किंचाळली, तर आपण काय कराल?" प्रशिक्षिकेने विचारलं.

"हात धरीन."

"आणि काय म्हणाल?"

"काही नाही. त्या वेळी कुणी काही बोललेलं सोसत नाही हो."

"मौन हे आधारात मोडत नाही. बरं, तिने आपल्याला शिवी दिली तर?"

"खाईन."

प्रशिक्षिकेने खेदाने मान हलवली. 'तुझ्या रागाचं मी मनःपूर्वक स्वागत करते' हे अपेक्षित उत्तर होतं. मावशी नापास झाली.

नणंद पहिली आली. ती एका कंपनीत माणसांशी माणसासारखं कसं बोलावं, याची शिबिरं घेत असे. बाळंतपण तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्यामुळे तिच्या मनात कोणतेही पूर्वग्रह नव्हते, असं प्रशिक्षिकेने खास नमूद केलं. तिला पाठीवर 'आधार' लिहिलेलं नारिंगी जाकीट मिळालं. ते ती घरातही घालू लागली.

एके दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. भाचीला आत नेलं, मागोमाग जाकीट गेलं. मावशी आणि नवरा बाहेरच्या बाकावर बसले.

"पाणी," भाची म्हणाली.

"तुला तहान लागली आहे, असं मी ऐकते आहे," नणंद म्हणाली.

"ताई, पाणी द्या हो."

"ही तहान तुझी आहे. तिला नाकारू नकोस. तिच्यासोबत राहा."

शेवटी परिचारिकेने पाणी दिलं. प्रशिक्षण नसल्याने तिला ते लगेच सुचलं. एवढ्यात मोठी कळ आली. भाचीने हाताला लागेल ते धरलं. नेमका नणंदेचा पंजा लागला. भाची ओरडली, तिच्याहून मोठ्याने नणंद ओरडली, आणि पांढरीफटक पडून भिंतीला टेकली.

व्यवस्था किती तत्पर असू शकते, ते तेव्हा दिसलं. घंटा वाजली आणि 'आधारव्यक्ती कल्याण कक्षा'ची माणसं धावत आली. एकाने नणंदेला शाल पांघरली. दुसऱ्याने फळांचा रस दिला. तिसरीने तिचा हात हातात घेऊन हळुवार विचारलं, "कसं वाटतंय तुम्हाला?"

"मी सांगू का मला कसं वाटतंय?" भाची दात आवळून म्हणाली.

"मॅडम, एका वेळी एकीनेच बोला," तिसरी म्हणाली.

नणंदेला शेजारच्याच खाटेवर दाखल करून घेतलं, हाताला सलाइन लावलं. दोन खाटांच्या मध्ये पडदा ओढला. नणंदेला त्रास नको, म्हणून भाचीला जरा बेताने ओरडायची विनंती करण्यात आली.

परिचारिकेने बाहेर येऊन हे सांगितलं, तेव्हा मावशी उठली आणि चौकशीच्या खिडकीपाशी गेली. आतून तिने अशा असंख्य खिडक्या पाहिल्या होत्या. बाहेरून पाहण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"आत माझी भाची एकटी आहे. मला सोडा," ती म्हणाली.

"एकटी कशी?" कारकून म्हणाला. "आधारव्यक्ती खोलीतच आहे."

"ती आडवी झालीय!"

"आडवी असली तरी आहे ना. हजर व्यक्तीच्या जागी दुसरी देता येत नाही."

उत्तर निर्दोष होतं. मावशीला क्षणभर त्याचं कौतुकच वाटलं. आतून भाचीची आरोळी आली, तसं ते ओसरलं. ती खिडकीवर ओणवी झाली.

"म्हणजे ती आडवी बाई आता तुमची रुग्ण आहे?"

"अर्थात."

"रुग्णापाशी एक नातेवाईक बसलेला चालतो?"

"चालतो की."

"त्याला प्रशिक्षण लागतं?"

"छे हो! नुसतं बसायला कसलं प्रशिक्षण?"

"मग मी बसते तिच्यापाशी."

कारकुनाने संशयाने विचारलं, "आपलं नातं?"

"माझ्या भाचीची नणंद."

"म्हणजे तुमची कोण?"

याला भाषेत शब्द नव्हता. मावशीच्या मनात एक होता, पण तो तिने गिळला. कारकुनाने बराच विचार करून 'जवळचे' असं लिहिलं आणि दार उघडलं.

आत गेल्यावर नियमानुसार मावशीने आपल्या रुग्णाकडे तोंड करून बसायचं होतं. ती बसली. एक हात नणंदेच्या कपाळावर ठेवला आणि दुसरा पडद्याखालून पलीकडे घातला. तो लगेच पकडला गेला.

"मावशी?"

"हं."

"मला नाही जमणार. भीती वाटतेय गं."

"मलापण वाटतेय," मावशी म्हणाली. "धरून ठेव."

यानंतर ती एक अक्षरही बोलली नाही. पलीकडून हात पिरगळला गेला, नखं रुतली, दोन-तीन अस्सल शिव्याही आल्या. मावशीने कशाचंच स्वागत केलं नाही, फक्त हात सोडला नाही. मग एकाएकी सगळं थांबलं. ती शांतता मावशीला भयंकर लांब वाटली. तिने डोळे मिटून घेतले. आणि मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक, रागीट आवाज आला.

"मुलगी!" परिचारिका म्हणाली.

नणंद ताडकन उठून बसली. "करून दाखवलं मी!" ती म्हणाली. कल्याण कक्षाने टाळ्या वाजवल्या आणि तिला पुष्पगुच्छ दिला.

घरी आल्यावर आधाराची लाटच आली. सोसायटीतले आले, कचेरीतले आले, ज्यांनी लग्नालाही तोंड दाखवलं नव्हतं असे चुलत-मावस आले. "काही लागलं तर हक्काने सांगा," असं म्हणून प्रत्येकजण हक्काने बसला. नणंद बोटाला पट्टी बांधून सोफ्यावर बसे आणि बाळंतपणाची हकिकत सांगे.

"किती सोसलंत हो तुम्ही!" लोक म्हणत.

आतल्या खोलीत भाचीचे टाके ठसठसत होते. दूध नीट उतरत नव्हतं. मोठ्या मुश्किलीने पोरगी झोपली की कुणीतरी हलकेच दार उघडून "नुसतं बघतो हं" म्हणे आणि तिला उठवून जाई. ती रडू लागली की बाहेर चर्चासत्र भरे. एकाच्या मते भूक होती, दुसऱ्याच्या मते पोटात वारा. एक आधुनिक काकू म्हणाल्या, "रडू द्या, तिला व्यक्त होऊ द्या." पोरगी इतकी व्यक्त झाली की बेंबीच्या देठापासून थरथरू लागली.

अशाच एका दुपारी मावशी औषधं घेऊन परतली, तेव्हा खोलीत भाची नव्हती. ती स्वयंपाकघरात एका हाताने ओट्याचा आधार घेऊन उभी होती. मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता.

"कुणी सांगितलं तुला?" मावशीने विचारलं.

"सांगितलं नाही कुणी. सगळे म्हणाले, आमच्यासाठी काही करू नकोस, अर्धा-अर्धा कपच पुरे." तेवढ्यात शेजारच्या भांड्यातलं दूध वर आलं. "मावशी, दूध उतू गेलं गं," भाची म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली.

मावशीने गॅस बंद केला. तिला धरून नेऊन निजवलं, पोरीला तिच्या कुशीत दिलं, दार लोटून घेतलं. मग ती बाहेरच्या खोलीत आली आणि जन्मभर वापरलेल्या आवाजात म्हणाली, "मदतीला आलेल्यांनी इकडे लक्ष द्यावं."

सगळ्या माना वळल्या.

"न्हाणीघरात बादलीभर दुपटी भिजलीत. भांडी पडलीत. रात्रीचा स्वयंपाक व्हायचाय. कोण काय घेतंय?"

एकाला अचानक बैठक आठवली. एकीचा गुडघा त्याच क्षणी धरला. आधुनिक काकू म्हणाल्या, "आम्ही खरं तर भावनिक आधाराला आलो होतो." नणंदेने पट्टीचं बोट वर केलं. बघता बघता दारातल्या चपलांचा ढीग वितळला. नवरा तेवढा उरला. तो मुकाट्याने बादलीकडे गेला, वास येताच डगमगला, पण नळ धरून उभा राहिला.

आत पोरीला पहिल्यांदा दूध नीट ओढता आलं. तिचं गटागट पिणं बाहेर ऐकू येत होतं. मग दोघीही झोपल्या. मावशीने भांड्यांना हात घातला.

आणि वाचकहो, तुम्ही मघापासून दारात उभे राहून सगळं बघताय. नणंदेला हसलात, काकूंना हसलात, "काय एकेक लोक असतात!" असंही म्हणालात. उत्तम. पण मावशी एकटी कुठवर पुरणार? भांडी विसळायला एक माणूस हवंय. या ना आत.

अहो, चाललात कुठे?