भाई आठल्यांचा कोट

आरोपीशी बोलायच्या आधी भाई आठल्ये अंगातला काळा कोट काढत आणि "मुळ्ये, धर" म्हणून माझ्या हातावर टाकत. मग तो कोर्टाचा व्हरांडा असो, तुरुंगातली भेटीची खोली असो, नाहीतर पालीच्या एसटी स्टँडवरचं बाकडं. मुळ्ये म्हणजे मी. पाटीवर माझ्याही नावापुढे 'वकील' होतं, पण दोन हजार सालाच्या आसपासची ती वर्षं मी मुख्यतः खुंटी म्हणून काढली. मला वाटे, माणूस घामट आहे. रत्नागिरीच्या हवेत काळा कोट ही शिक्षाच. एकदा मी त्यांना पातळ सुती कोट शिवायचा सल्लाही दिला. भाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पुढचं शिंप्याचं नाव मी गिळून टाकलं.

भाई फक्त कातकऱ्यांचे खटले घेत. डोंगराच्या कडेला वाडी करून राहणारे हे आदिवासी. गावात कुणाची कोंबडी गेली तरी पोलिसांची गाडी आधी त्यांच्या वाडीवर. मंडणगडापासून पालीपर्यंत त्यांच्या बचावाला आम्ही तिघंच: भाई, कदमबाई आणि मी. जामिनाचे अर्ज कदमबाई लिहीत, उलटतपास भाई घेत आणि कोट मी घेई.

अडचण अशी होती, की कातकरी कोर्टात "कबूल" म्हणून मोकळा होई. केलं असो वा नसो. हवालदारानं वाटेत सांगितलेलं असे, "कबूल म्हण, लगेच सुटशील." आणि समोर विचारणारा कोटातला.

"घामासाठी नाही हो, मुळ्ये," कदमबाई एकदा म्हणाल्या. "यांना खाकी आणि काळा कोट सारखाच. कोट घालून काही विचारलं, की हे हो म्हणतात. खरं ऐकायचं तर कोट काढावाच लागतो."

मला हे कळायला दोन पावसाळे लागले होते.

म्हणून भाई आधी आरोपीला कॅन्टीनमध्ये उसळपाव खायला घालत. "हो उपाशीपोटीही म्हणता येतं. नाही म्हणायला पोटात काहीतरी लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मग शिकवणी. "तू झाड आहेस काय रे?" "नाय." "तू कलेक्टर आहेस?" "नाय." "ही मुळ्यांची म्हैस तू प्यायलास?" माणूस हसला, की भाई खूश. तो प्रश्न ऐकायला लागला, असं ते म्हणत. माझ्याकडे म्हैस नव्हती, हे कुणी विचारात घेत नसे.

सोमा निकमचा खटला आला तेव्हा मात्र भाई हसत नव्हते. पालीजवळच्या आंब्याच्या बागेतला पाण्याचा पंप चोरल्याचा आरोप. सोमानं याआधी दोनदा, न केलेल्या चोऱ्या, कबूल म्हणून डोक्यावर घेतल्या होत्या. आता तिसऱ्यांदा कबूल म्हटला असता, तर काही वर्षं आतच. घरी बायको आणि दोन लहान मुली.

सोमा फार मवाळ. झाड आहेस का विचारलं, तर विचारात पडे आणि म्हणे, "साहेब म्हणतो तर असन." भाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. तारखेच्या सकाळी ते जरा बाजूला गेले आणि मी कामाला हातभार लावला. "सोमा, सोपं करून सांगतो. काळा कोट दिसला की नाय म्हणायचं. बस्स."

सोमानं मान डोलावली. मला स्वतःचा अभिमान वाटला. तो साधारण अर्धा तास टिकला.

"तूच सोमा निकम ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाय."

हवालदार ताडकन उठला. "साहेब, हाच तो!"

"हे आठल्ये वकील तुझेच ना?"

सोमानं भाईंच्या कोटाकडे पाहिलं. "नाय."

कदमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"बरं. मग गुन्हा कबूल आहे?"

"नाय!"

भाई शांतपणे उठले. "साहेब, हे शेवटचं उत्तर लिहून घ्यावं. आधीची मी दुरुस्त करतो."

त्या एका 'नाय'मुळे खटला उभा राहिला. उलटतपासात निघालं, की पंप मालकाच्याच गड्यानं पालीला दुरुस्तीला टाकला होता आणि तिथेच तो पडून होता. सोमा कबूल म्हटला असता, तर कुणी शोधलाच नसता.

सुटकेच्या संध्याकाळी भाई म्हणाले, "घरी चला. जेवूनच जा." इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला घरी कधी बोलावलं नव्हतं. चढावरचं जांभ्या दगडाचं घर. दारातच त्यांनी आनंदात विचारलं, "सोमा, भूक लागली ना?"

"नाय."

भाई थबकले. मी सवयीनं हात पुढे केला, पण त्यांनी कोट काढून स्वतःच भिंतीच्या खिळ्याला अडकवला. "आता सांग."

"लागली. सकाळधरून."

भाईंनी भात टाकला, कुळथाचं पिठलं केलं. मग आत बराच वेळ नुसती भांडी हलवल्याचा आवाज. मदतीला म्हणून मी गेलो. "भाई, ताटं कुठं आहेत?"

"ते काय," ते पाठमोरेच म्हणाले.

मांडणीत एक ताट होतं. एक वाटी, एक पेला. बाकी सगळे कप्पे पुसून स्वच्छ, रिकामे. मला कशावरही विनोद सुचतो. तेव्हा सुचला नाही. कदमबाई परसात गेल्या आणि केळीची पानं कापून घेऊन आल्या. ती दोनच धड निघाली, तर भाई म्हणाले, "मला पातेल्याचं झाकण चालतं." ताट त्यांनी सोमापुढे ठेवलं.

सोमानं ताटाकडे पाहिलं, मग घराकडे. "घरात दुसरं कोन नाय?"

सगळ्या वाड्यांना तो शब्द शिकवणाऱ्या माणसाला तो म्हणायला फार वेळ लागला.

"नाही रे."

सोमानं ताट सरकवून दोघांच्या मध्ये ठेवलं. "मंग यातच जेव. जेवशील ना?"

भाईंनी झाकण बाजूला ठेवलं.

"हो," ते म्हणाले.