अनुस्वारकाकांची जोखीम

रजेच्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाशी नेताना अनुस्वारकाकांच्या लक्षात आलं, की आपण एका जिवंत माणसाला मारून ठेवलं आहे.

काका एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक होते. नव्या कादंबरीच्या लेखकानं पुस्तक सासऱ्यांना अर्पण केलं होतं. मजकूर इतका गहिवरलेला, की काकांनी आपल्या मनानंच नावाआधी 'कै.' लावून दिलं. हेच सासरे प्रकाशन समारंभाचे अध्यक्ष आहेत, हे त्यांना आत्ता निमंत्रणपत्रिका वाचताना कळलं. आणि दुपारी पुस्तक छपाईला जाणार होतं.

संस्थेची सगळी पुस्तकं आता क्लाउडवर असत. म्हणजे नक्की कुठे, हे काकांना कळेल असं कुणी सांगितलं नव्हतं. तिथल्या दारावर हल्लीच नवी व्यवस्था बसली होती. नुसत्या पासवर्डवर तिचं समाधान होत नसे. माणूस कुठून आला, कधी आला, कुणाच्या यंत्रावरून आला, किती घाईत आहे, हे पाहून ती जोखीम ठरवायची. हिरवा दिवा म्हणजे आत, पिवळा म्हणजे चौकशी, लाल म्हणजे बाहेर.

काकांनी मुलीचा लॅपटॉप उघडला. पिवळा दिवा. मोबाइलवर प्रश्न आला, 'हे आपणच आहात का?' काकांनी 'हो' दाबलं. घाईघाईत पासवर्ड दोनदा चुकला आणि दिवा लाल झाला.

त्यांनी संगणक विभागातल्या मुलीला फोन लावला.

"काका, तुम्ही नेहमीसारखे वागत नाही आहात, असं म्हणतंय ते."

"अगं, घाबरलेला माणूस नेहमीसारखा कसा वागेल? आणि मी 'हो' म्हटलंय की."

"हो तर चोरही म्हणतो. तुम्ही ऑफिसात या, स्वतःच्या जागेवर बसा, आणि शांत राहा."

काकांच्या लेकीनं त्यांना स्कूटरवर घातलं आणि ती अशी पिटाळली, की उतरल्यावरही काका काही वेळ बसल्यासारखेच उभे होते. जागेवर बसून त्यांनी शांतपणे पासवर्ड घातला. पुन्हा लाल.

"आता काय झालं?"

संगणकवाली मुलगी पडद्याकडे पाहत म्हणाली, "आत्ता तुम्ही घरी होता, लगेच इथे. एवढ्या वेळात एक माणूस पोचत नाही म्हणे. दोघं असणार."

"लेकीनं स्कूटरवरून पोचवलं," काका म्हणाले. पण आपण सगळेच्या सगळे पोचलो की नाही, याबद्दल आता त्यांचीही खात्री नव्हती.

एकच मार्ग उरला. साहेबांची मंजुरी. साहेबांना काकांनी कारण फक्त 'एक किरकोळ दुरुस्ती' एवढंच सांगितलं. साहेबांनी लगेच बटण दाबलं. त्याबरोबर साहेबही लाल झाले.

"मी काय केलं?"

"सर, तुम्ही आजवर कशालाच लगेच मंजुरी दिलेली नाही," संगणकवाली मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. "त्याला संशय आला."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. "तुमच्या नावानं सकाळपासून हे काय चाललंय?"

तेवढ्यात काकांच्या मोबाइलवर पुन्हा तोच प्रश्न आला. 'घरून, परक्या यंत्रावरून, घाईघाईनं कुणीतरी आत शिरू पाहत होतं. हे आपणच होता का?' काकांनी प्रश्न नीट वाचला. घाई? परकं यंत्र? साहेबांशी लपवाछपवी? इतक्या वर्षांत आपण असं कधी वागलो? फार विचार करून, अगदी प्रामाणिकपणे, त्यांनी 'नाही' दाबलं.

व्यवस्थेला हायसं वाटलं असावं. तिनं काकांचे आभार मानले, त्यांच्याकडून नवा पासवर्ड घेतला आणि हिरवा दिवा लावला. काकांनी आत जाऊन सासऱ्यांना जिवंत केलं आणि ते तडक बाहेर आले.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर काकांचं कौतुक केलं. त्यांच्या सावधपणामुळे चोर दारातूनच परतला, असं ते म्हणाले.

घरी जाताना मुलीनं स्कूटर हळू घेतली. "बाबा, खरं सांगा, तो चोर तुम्हीच ना?"



"सकाळी मलाही तसंच वाटलं होतं," काका म्हणाले. "पण चौकशीत तसं काही निघालं नाही."